खताच्या बादलीत काय टाकायचं?

ताई, पहिला महिना फक्त कच्चंच टाका: भाजीची देठं, मटारची सालं, केळीची सालं चिरून, धुतलेला चहाचा चोथा, देवाची फुलं. हार असेल तर दोरा आणि जरीचे धागे आधी काढा. माझ्या खतात अजून चंदेरी तुकडे निघतात!

बहुतेकांचं चुकतं ते सुक्या पाल्यात. एक वाटी ओल्या कचऱ्यावर दोन वाट्या सुका पाला, नाहीतर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). कंटाळा केलात की चिकचिकाट, वास आणि अळ्या. अळ्या दिसल्या तरी बादली फेकू नका, पाला वाढवा.

तूर्त नको:
- शिळी आमटी, मासळीचे काटे, तेलकट काहीही
- बी धरलेलं तण
- करवंटी, आंब्याची कोय (वर्षभर तशीच राहते)

लिंबाची सालं? थोडी चालतात.