क्वीनचा 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्यावा की मूळ अल्बम?

मुलीसाठी रेकॉर्ड प्लेअर घेतला आहे, तिला क्वीन हा इंग्लिश रॉक बँड आवडू लागला आहे, तेव्हा पहिली रेकॉर्ड 'ग्रेटेस्ट हिट्स'ची, म्हणजे त्यांच्या गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहाची घ्यावी की एखादा मूळ अल्बम, आणि जुनी प्रत शोधावी की नवी, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय 'हिट्स ऐकणारे खरे चाहते नसतात' असे मत एका मित्राने दिल्याचेही लिहिले आहे. त्या मित्राच्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी 1988 सालापासून माझ्या मामेभावाच्या तोंडून ऐकत आलो आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स' घ्या, आणि त्यासाठी कोणाची क्षमा मागू नका.

मी तेव्हा पुण्यात वसतिगृहावर राहत होतो. कॉलेजजवळ कॅसेट भरून देणारे एक दुकान होते; मालकाकडे कोणाकोणाच्या परदेशस्थ नातेवाइकांनी आणलेल्या रेकॉर्ड यायच्या आणि तो त्या साठ किंवा नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचा. मी साठची दिली. क्वीनचा 1981 चा हा अल्बम म्हणजे सतरा गाणी आणि अठ्ठावन्न मिनिटे, त्यामुळे दोन्ही बाजू जवळपास काठोकाठ भरत. कॅसेटच्या आतल्या कागदावर मालकाने निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावे उतरवली होती. जागा संपत आल्यामुळे शेवटची दोन नावे कडेने उभी लिहिलेली होती. 'सेव्ह मी' संपले की थोडी खरखर, मग खटकन बटण वर येणार, मग कॅसेट उलटायची आणि 'क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह'ची गिटार सुरू. हा क्रम माझ्या डोक्यात इतका पक्का बसला आहे की आजही कोठे 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लागले, तर ते संपताच 'किलर क्वीन'च्या चुटक्या ऐकू याव्यात अशी माझ्या कानांची अपेक्षा असते, आणि त्या आल्या नाहीत की चुकल्याचुकल्यासारखे वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत ती कॅसेट घेऊन मी मामांकडे दादरला गेलो. मामेभाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'ची खरी इंग्लिश रेकॉर्ड होती, बोटीवर असलेल्या एका काकांनी आणलेली. ती तो फक्त कडांवर तळवे टेकवून धरायचा, मखमली ब्रशने एकाच दिशेने पुसायचा, आणि सुई टेकताना खोलीत कोणी बोललेले त्याला चालत नसे. माझी कॅसेट त्याने हातात घेतली, कागद वाचला आणि म्हणाला, "हे म्हणजे गाईड वाचून पास होणं झालं. पुस्तक उघडलंयस कधी?" मग त्याने मला फरशीवर बसवून पूर्ण रेकॉर्ड ऐकवली. मामी फराळासाठी दोनदा हाक मारून गेल्या तरी त्याने उठू दिले नाही. शेवटाकडे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आले तेव्हा त्याने बोट वर करून सांगितले की हे गाणे येथे, शेवटून दुसरे, आधीचे सगळे ऐकून झाल्यावर येते म्हणून त्याला वजन आहे, आणि तुझ्या त्या कॅसेटवर ते पहिलेच ठेवून त्याची माती केली आहे. मामांचे मूळ गाव वाई, क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला घाटावरच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत, एवढ्या भांडवलावर दादा क्वीनवर घरची मालकी सांगत असे, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्याची कोणाची हिंमत नव्हती. फ्रेडी जन्मला झांझिबारला आणि त्याचा बँड घडला लंडनमध्ये, हे त्याला कोणी आठवून दिलेले आवडत नसे.

त्या वेळी मी गप्प बसलो, कारण उत्तर द्यायला माझ्याकडे मूळ अल्बम नव्हते. आता सगळे आहेत, म्हणून सांगतो. 'जॅझ' हा 1978 चा अल्बम घ्या. त्यात 'फॅट बॉटम्ड गर्ल्स' आणि 'बायसिकल रेस' ही दोन गाणी एकमेकांना हाका मारतात: पहिल्यात सायकलींवर बसून निघा अशी आरोळी आहे आणि दुसऱ्यात त्या पहिल्या गाण्यातल्या मुली सायकल चालवत येणार असल्याची घोषणा. ही दोन्ही गाणी मिळून एकाच सिंगलच्या, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या रेकॉर्डच्या, दोन बाजू म्हणून प्रसिद्ध झाली होती. तरीही मूळ अल्बममध्ये त्यांच्यामध्ये 'जेलसी' नावाचे एक संथ, हळवे गाणे येऊन बसले आहे, आणि पहिली हाक त्यातच विरून जाते. 'ग्रेटेस्ट हिट्स'ने ते मधले गाणे काढले आणि जोडी जुळवली. म्हणजे जो क्रम दादाच्या मते पवित्र, त्याच क्रमाने येथे घोळ केला होता आणि दादा ज्याला गाईड म्हणतो त्याने तो निस्तरला.

दुसरी गोष्ट 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पहिले ठेवण्याची. 'वुई विल रॉक यू' आणि 'वुई आर द चॅम्पियन्स' ही जोडी 1977 च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'मध्ये अगदी सुरुवातीला आहे. 'ग्रेटेस्ट हिट्स'ने ती उचलून शेवटी नेली. म्हणजे ऱ्हॅप्सडीने दार उघडायचे आणि चॅम्पियन्सने बंद करायचे. पुढे 13 जुलै 1985 रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर 'लाइव्ह एड' या मदतनिधीसाठीच्या कार्यक्रमात क्वीनला जेमतेम वीस मिनिटे मिळाली, तेव्हा त्यांनी सुरुवात ऱ्हॅप्सडीच्या तुकड्याने केली आणि शेवट 'वुई विल रॉक यू'च्या तुकड्यानंतर 'वुई आर द चॅम्पियन्स'ने. जगातला सगळ्यात महत्त्वाचा कार्यक्रम समोर असताना खुद्द बँडने जी चौकट निवडली, ती माझ्या साठच्या कॅसेटचीच होती. दादा, तू हे वाचत असशील, तर याचे उत्तर दे.

हे सगळे दुकानदारी म्हणून सोडून देणाऱ्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. या सतरा गाण्यांत 1974 च्या 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'पासून 1980 च्या 'फ्लॅश'पर्यंतचा काळ आहे, आणि ती सिंगल म्हणून निघालेली गाणी आहेत. त्या वर्षांत इंग्लंडमधल्या सामान्य माणसाने क्वीनला रेडिओवर असेच, सुटे सुटे ऐकले. अल्बम विकत घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकणारे नेहमीच थोडे असतात. हा अल्बम ब्रिटनमध्ये आजवरचा सर्वाधिक विकला गेलेला अल्बम आहे, आणि 2022 मध्ये त्याने तेथे सत्तर लाखांचा टप्पा ओलांडला. एवढी माणसे खोटी आणि दादा एकटा खरा, हे मला पटत नाही.

आता दादाच्या बाजूचे जे आहे ते सांगणे भाग आहे. क्वीनमध्ये चौघेही गाणी लिहीत, पण या अल्बममध्ये दहा गाणी मर्क्युरीची, पाच ब्रायन मेची, दोन जॉन डीकनची आणि ड्रमवाल्या रॉजर टेलरचे एकही नाही. तो भेटतो 'रेडिओ गा गा'मध्ये, 1991 च्या दुसऱ्या 'ग्रेटेस्ट हिट्स'वर. 'लव्ह ऑफ माय लाइफ' येथे नाही, ही मोठीच उणीव आहे. शिवाय 'सेव्हन सीज ऑफ ऱ्हाय'च्या शेवटी समुद्रकिनाऱ्यावरचे जुने लोकप्रिय इंग्लिश गाणे लोक एकत्र गातात, आणि त्यापुढचा अल्बम 'शीअर हार्ट अटॅक' सुरू होताना जत्रेच्या गोंगाटात तीच चाल कोणीतरी शिटीवर वाजवतो. हा धागा मूळ दोन अल्बम पाठोपाठ ऐकल्याशिवाय हाती लागत नाही, आणि तो मला दादानेच दाखवला, हेही खरे. तेव्हा मुलगी महिनाभर हिट्समध्ये रमली की 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा' आणा, आधी नको.

जुन्या-नव्या प्रतीबद्दल थोडक्यात. जुन्या रेकॉर्डच्या एकेका बाजूवर जवळपास एकोणतीस मिनिटे कोंबलेली आहेत, त्यामुळे खाचा दाटीवाटीच्या होतात आणि आवाज थोडा दबतो. झिजलेली प्रत असेल तर आतल्या कडेकडची गाणी आणखी खराब वाजतात. दोन तबकड्यांवर विभागलेली नवी आवृत्ती मिळते, ती जास्त खुली वाजेल, मात्र मुलीला ऊठबस दुप्पट करावी लागेल. कोणतीही घ्या, पण घेण्यापूर्वी मागच्या बाजूची यादी वाचा, कारण अमेरिकेसाठी काढलेल्या आवृत्तीत गाणीही वेगळी आहेत आणि क्रमही. तिच्यात 'अंडर प्रेशर' आहे म्हणून दुकानदार ती जास्त चांगली असल्याचे सांगेल. यादीत 'फॅट बॉटम्ड गर्ल्स'च्या लगेच खाली 'बायसिकल रेस' आणि तळाशी 'वुई आर द चॅम्पियन्स' दिसले, तरच पैसे द्या.