पडद्यावरचं, मनातलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एक सिनेमा दाखवतात आणि त्यावर कुणीतरी दोन पानं लिहून वाचायची, असं ठरलंय. या खेपेला गावातल्या जातिभेदावरचा 'फँड्री' माझ्या वाट्याला आला. बघताना पोटात गोळा आला होता, पण लिहायला बसलो की नुसती गोष्टच कागदावर उतरते. त्यात एक जण म्हणाला, "हे सगळं तिकडं नगरकडचं, आपल्याकडं असलं काही नाही." त्याला काय सांगावं?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : गोष्ट चार ओळींत संपवा. ज्यांनी सिनेमा बघितलाय त्यांना ती ठाऊकच आहे. उरलेली दोन पानं एकाच प्रसंगाला द्या. तो निवडायचा कसा? ज्या रात्री सिनेमा बघाल त्याच रात्री, झोपण्याआधी, तीन गोष्टी टिपून ठेवा : नेमकं कुठं गलबललं, त्या वेळी कानावर काय पडत होतं, आणि आपण कुणाच्या बाजूला उभं राहून बघत होतो. सकाळपर्यंत थांबलात तर 'हृदयस्पर्शी', 'अंतर्मुख करणारा' असले शब्द तेवढे हाती राहतात, आणि ते शब्द कुठल्याही सिनेमाला चिकटतात.

दुसऱ्या दिवशी तेवढीच पाच मिनिटं तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून, मग दोन्ही मिळून. 'फँड्री'तला राष्ट्रगीताचा प्रसंग असा बघून पाहा. जब्या या शाळकरी पोराच्या घरची माणसं डुकराच्या मागं धावून धावून दमलीत, ते आता हाताशी आलंय, आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळी जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निघून जातं. डोळे मिटून ऐकाल तर ही कुठल्याही शाळेची सकाळ आहे. आवाज बंद केलात तर धुळीनं माखलेली, धाप लागलेली माणसं अचानक खांबासारखी थिजलेली दिसतात. दोन्ही एकत्र झालं की पोटात गोळा येतो. ज्या देशाच्या मानासाठी हे घर हातचं जनावर सोडून देतं, त्याच देशातलं त्यांचं गाव पुढं त्यांची फजिती बघून खिदळतं. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी हे एकाही पात्राच्या तोंडी घातलेलं नाही. तुम्ही लिहायचं ते हेच : काय दिसलं, काय ऐकू आलं, आणि त्या दोन्हींमधलं अंतर.

त्या गृहस्थांशी वाद घालू नका. शेवटचा दगड कुणाकडं येतो, एवढंच विचारा. जब्या तो सरळ कॅमेऱ्याच्या रोखानं भिरकावतो आणि पडदा काळा होतो. त्या जागी आपण बसलेले असतो, खानापुरातले असू नाहीतर नगरचे. मग हळूच विचारा : आपल्या गावात मेलेलं जनावर कोण ओढून नेतं, आणि त्यांची घरं गावाच्या कुठल्या टोकाला आहेत?

प्रश्न : सूनबाई कन्नड घरातली आहे. तिच्यासोबत 'घटश्राद्ध' बघितला. मला कन्नड बाजारापुरतं येतं, त्यामुळं नजर सगळी खालच्या इंग्रजी ओळींवरच राहिली. तिच्या डोळ्यांतलं पाणी खळेना, मी मात्र कोरडीच. असं का झालं?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : कारण तुम्ही सिनेमा वाचलात. गिरीश कासारवल्ली यांचा १९७७ सालचा हा कृष्णधवल सिनेमा चेहऱ्यांवर आणि गप्प राहण्यावर उभा आहे. वेदपाठशाळेत आलेला लहानगा नाणी आणि तिथली गरोदर राहिलेली विधवा यमुना यांच्यातली माया आपण त्या पोराच्या नजरेतून बघतो. बाप जिवंत लेकीचं श्राद्ध घालून तिला मेलेली ठरवतो, ते त्या पोराला जितकं कळतं तितकंच आपल्याला दिसतं.

उपाय सोपा आहे. गोष्ट कळली आहे, आता दुसऱ्यांदा बघताना सबटायटल बंद ठेवा. अडलं तर सूनबाईंना विचारा, पण प्रसंग संपल्यावर. मधेच विचारलंत तर दोघींचाही सूर तुटेल. 'यमुनक्का' हा एक शब्द तर तुम्हाला कुणी समजावून सांगायलाच नको. आपल्या भागात थोरल्या बहिणीला मराठी घरातही अक्काच म्हणतात. ती हाक कानात राहू द्या. इंग्रजी ओळीत तिचं नुसतं नाव होतं, आणि या सिनेमातली सगळी ओढ त्या हाकेत आहे.

प्रश्न : रडू आलं म्हणजे सिनेमा चांगलाच, असं धरायचं का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : नाही. पोरकं मूल आणि चढं व्हायोलिन एकत्र आणलं की रडू येतंच. ते सिनेमानं कसं आणलं, हे बघा. 'पथेर पांचाली'त (१९५५) बरेच दिवसांनी परतलेला हरिहर लेकीसाठी आणलेली साडी काढून दाखवतो. दुर्गा गेलीय, हे त्याला माहीत नाही. त्याची बायको सर्वजया साडी तोंडाशी धरून कोसळते, पण तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई, हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य, टिपेला जाते. रडण्याचा आवाज सत्यजित राय यांनी काढून घेतला, म्हणून तो आपल्या आतून येतो. 'सैराट'च्या (२०१६) शेवटी तर संगीतही नाही. आवाज जातो आणि लहान मुलाची पावलं तेवढी उमटत राहतात.

प्रश्न : नव्या मोठ्या टीव्हीवर जुने सिनेमे मालिकेसारखे दिसतात, चेहरेही फुगलेले वाटतात. मन लागत नाही. बिघाड आहे का?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बिघाड नाही, सेटिंग आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः तयार करून भरतो, त्यामुळं हालचाल गुळगुळीत होते आणि सिनेमाचा पोत जातो. पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद करा. कंपनीगणिक नाव बदलतं. 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड'ऐवजी 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' मोड निवडा, नाहीतर कृष्णधवल चित्रातल्या सावल्या निळसर दिसतात. चेहरे फुगतात, कारण जवळजवळ चौकोनी असलेलं जुनं चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवलेलं असतं. चित्राचा आकार 'ओरिजिनल' किंवा '४:३' करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. आणि शेवटची नावं सुरू झाली की लगेच दिवा लावू नका.