जीवशास्त्र सोडलेल्या मुलीनं डीएनएच्या वाटेला जावं का?

प्रश्न : मुलगी रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. बारावीला जीवशास्त्र नव्हतं. आता म्हणते, दमटपणा आणि तापमानानं डीएनएची फिल्म, म्हणजे पातळ पापुद्रा, मऊ-ताठ कशी होते यावर पुढे संशोधन करीन. मी म्हणतो, बीएड कर. काय करावं? – एक पालक, देवगड

उत्तर : नमस्कार. जीवशास्त्राची चिंता सोडा. डीएनएची रचना उलगडण्यात मोठा वाटा असलेल्या शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन १९५१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएकडे वळल्या, त्याआधी त्यांचं काम कोळशावर होतं. हवेतला दमटपणा काटेकोर सांभाळल्यामुळेच त्यांना डीएनएची कोरडी आणि ओली, अशी दोन रूपं वेगळी करता आली. तुमच्या लेकीचा विषय त्याच घराण्यातला, म्हणजे पॉलिमरचा, लांब साखळ्यांसारख्या रेणूंचा आहे.

पावसाळ्यात पापड सादळतो, तशीच ही फिल्म पाणी ओढून घेते. पाणी रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतं, त्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि ताठपणा जातो. खरी गुंतागुंत तापमानाची. उष्णतेनं फिल्म मऊ पडायला हवी, पण त्याच उष्णतेनं पाणी उडालं तर ती उलट कडक होते. म्हणून तापवतानाही दमटपणा धरून ठेवावा लागतो. मोजमापाचं सगळं कसब इथंच लागतं.

तिला याची गोडी खरंच आहे का, हे घरीच कळेल. डीएनए महाग, म्हणून जिलेटिनच्या पातळ पट्ट्या घ्या. एका बरणीत मिठाचं संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही असं) द्रावण ठेवलं, की २५ अंशांना आतली आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणानं ३३ टक्के. मीठ प्रयोगशाळेतलं शुद्धच हवं, मिठागरातल्या मिठात मॅग्नेशियम असतं. पट्ट्या दोन-तीन दिवस बरणीत टांगून ठेवायच्या, मग वजन लावून त्या किती ताणल्या जातात ते मोजायचं. आकडे जुळेनात आणि तरी ती पुन्हा मोजायला बसली, तर तिला अडवू नका.

‘डीएनए फिल्म’ नावाची नोकरी जाहिरातीत दिसणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण हेच कसब औषधांच्या कॅप्सूल, पॅकेजिंग, रंग, गोंद या सगळ्यांना लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमरवर मोठं काम चालतं. बीएड नंतरही करता येईल. आयआयटीत एमएस्सी करायची तर जॅम परीक्षा द्यावी लागते. ती फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या सप्टेंबरच्या सुमारास निघतात, तेव्हा अभ्यास याच सुट्टीत सुरू करू द्या.