कुणी बोलतच नसेल, तर हॅम रेडिओत स्वयंचलित बीकनचा उपयोग काय?

यंत्राने पाठवायचं, यंत्राने ऐकायचं, मग यात हॅम रेडिओ, म्हणजे हौशी मंडळींनी रेडिओवरून एकमेकांशी बोलायचा छंद, उरला कुठे, असं तुम्ही विचारलंय. गप्पांसाठी बीकनचा, म्हणजे ठरावीक सिग्नल आपोआप पाठवत राहणाऱ्या ट्रान्समीटरचा, काडीचा उपयोग नाही, हे आधीच मान्य करतो. मला तो लागतो मोजायला.

बँडवर (हॅम वापरतात त्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) शांतता असली, तर सिग्नल दूरवर पोचायची वाट बंद आहे, की खुली असून सगळेच नुसते कान लावून बसलेत, हे कळायला मार्ग नसतो. बीकन मात्र ठरल्या वेळी, ठरल्या ताकदीने बोलतोच. १४.१०० मेगाहर्ट्झवर जगभरचे १८ बीकन तीन मिनिटांच्या फेरीत प्रत्येकी १० सेकंद पाळी घेतात (सगळे एका वेळी चालू असतीलच असं नाही). मोर्समध्ये कॉलसाइन (स्टेशनचं ओळखचिन्ह), मग चार लांब सूर: पहिला १०० वॉटचा, पुढचे १०, १ आणि ०.१ वॉटचे. शेवटचा सूरही कानावर आला, तर त्या दिशेला छोट्या सेटवरून खुशाल हाक मारा.

डब्ल्यूएसपीआर, हॅम मंडळींच्या तोंडी ‘व्हिस्पर’, ही बीकनची पद्धत याच्या पुढची. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८मध्ये ते आणलं. कॉलसाइन, ढोबळ ठिकाण आणि ताकद, एवढाच मजकूर. तो पाठवायला ११० सेकंद लागतात आणि जागा जेमतेम ६ हर्ट्झ. या संथपणामुळेच कानाला अजिबात न लागणारा, गोंगाटात गाडलेला सिग्नलही सॉफ्टवेअर उपसून काढतं. ज्या रिसीव्हरला तो ऐकू येतो, तो इंटरनेटवर तसा रिपोर्ट टाकतो; २०० मिलिवॉटवर समुद्रापलीकडून रिपोर्ट येतात. घड्याळ तेवढं सेकंदा-दोन सेकंदांच्या आत बरोबर हवं.

खरी मजा अँटेना तपासताना येते. ‘नवी अँटेना एकदम भारी’ असं सगळेच म्हणतात. आकडा कुणी देत नाही. डायपोल (दोन बाजूंना ताणलेल्या तारेची) आणि व्हर्टिकल (उभी) अशा दोन अँटेनांवर दोन ट्रान्समीटर, सारखीच ताकद, वेगवेगळे कॉलसाइन, एकाच वेळी सोडा. दूरच्या एकाच रिसीव्हरने एकाला उणे १४ डीबी (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, त्याचा आकडा) दिले, दुसऱ्याला उणे २०, तर फरक ६ डीबी, म्हणजे ताकदीत चौपट. त्या रिसीव्हरची अँटेना, तिथला गोंगाट दोघांनाही सारखाच, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. एकाच रिपोर्टवर मात्र विसंबू नका, फेडिंग (सिग्नलची आपोआप होणारी चढउतार) फसवतं; दिवसभराचे आकडे जमवा. जवळ डायपोल आणि लांब व्हर्टिकल सरस, असंही पुष्कळदा दिसतं.

रिपोर्ट आला नाही म्हणजे वाट बंद, असं मात्र नाही. तिकडे ऐकणारंच कुणी नसेल. ताकदीचा आकडाही पाठवणाऱ्याने स्वतः टाइप केलेला असतो, तो खरा असेलच असं नाही. आणि उणे २५चा रिपोर्ट पाहून माइक उचलू नका, आवाज पोचणार नाही.

माणूस हजर नसताना ट्रान्समीटर चालवायचे नियम देशागणिक वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या. तोवर नुसतं ऐका: रिसीव्हरचा आवाज कॉम्प्युटरला द्या, डायल १४.०९५६ मेगाहर्ट्झवर, मोड यूएसबी (अपर साइडबँड, कॉम्प्युटरचा यूएसबी नव्हे), बाकीचं सॉफ्टवेअर बघतं.