सेलेनियम आणि झिंकच्या गोळ्या घेतल्या तर प्रोस्टेट कॅन्सर टळतो का?

नाही, टळत नाही, आणि शरीरात आधीच पुरेसं सेलेनियम असेल तर उलट धोका वाढू शकतो. अमेरिका-कॅनडात सिलेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली, त्यात 35 हजारांवर पुरुष होते, कुणाला रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम, कुणाला व्हिटॅमिन ई, कुणाला दोन्ही तर कुणाला नुसती डमी गोळी, आणि फायदा दिसेना म्हणून 2008 मध्ये गोळ्या मधेच थांबवल्या. पुढे 2014 मध्ये पायाच्या नखांवरून मोजलेल्या लेव्हलशी (हो, नखांवरून कळतं) ताडून बघितलं तर ज्यांचं सेलेनियम सुरुवातीलाच जास्त होतं त्यांच्यात गोळीमुळे आक्रमक कॅन्सर वाढलेले निघाले. झिंकचं म्हणाल तर निरोगी प्रोस्टेटमध्ये ते भरपूर असतं आणि कॅन्सर झालेल्या भागात खूप कमी होतं, म्हणून लोकांना वाटतं वरून घेऊन भरून काढू, पण त्या पेशी झिंक आत ओढणंच कमी करतात, मग गोळी काय करणार! टेस्टमध्ये खरंच कमतरता निघाली असेल तर मात्र डॉक्टर सांगतील त्या डोसने जरूर घ्या, ते कमतरतेसाठी, प्रोस्टेटसाठी नाही.