आधी तपासणी करूनही एकाच ऑर्डरच्या दोन नोंदी का होतात?

आपला प्रश्न असा आहे की, सर्व्हरचे उत्तर वेळेत न आल्यामुळे ॲपने तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली आणि ‘ही ऑर्डर आधीच नोंदली आहे का’ हे कोडमध्ये तपासत असूनही डेटाबेसमध्ये दोन ऑर्डरी कशा आल्या.

टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न येणे, याचा अर्थ ‘काम झाले नाही’ असा गृहीत धरला जातो, तिथूनच ही चूक सुरू होते. रिक्वेस्ट जाताना हरवली, सर्व्हर मध्येच बंद पडला, किंवा काम पूर्ण होऊन फक्त उत्तर परत येताना हरवले, या तिन्ही गोष्टी क्लायंटला, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या ॲपला, अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे पुन्हा पाठवणे टाळता येत नाही. तीच रिक्वेस्ट दुसऱ्यांदा पोहोचली तरी परिणाम एकदाच व्हावा, एवढी व्यवस्था मात्र करता येते, आणि या गुणधर्माला आयडेम्पोटन्स म्हणतात. ‘ऑर्डरची स्थिती रद्द अशी ठेवा’ ही आज्ञा दहा वेळा दिली तरी परिणाम एकच राहतो, पण ‘साठ्यातून एक नग कमी करा’ ही आज्ञा दर वेळी साठा घटवते. एचटीटीपीमध्येही (वेबवर रिक्वेस्ट पाठवण्याच्या नियमावलीत) पुट (दिलेली स्थिती ठेवा) आणि डिलीट (काढून टाका) या आज्ञा आयडेम्पोटंट, म्हणजे हा गुणधर्म असलेल्या, मानल्या आहेत, पोस्ट (नवी नोंद करण्यासाठी सहसा वापरली जाणारी आज्ञा) मात्र नाही.

आपली तपासणी फसते, कारण तपासणे आणि नोंदवणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली रिक्वेस्ट अजून चालू असतानाच दुसरी येते, दोघींनाही नोंद सापडत नाही आणि दोघीही ती करतात. म्हणून निर्णय कोडवर न सोडता डेटाबेसवर सोपवावा: क्लायंटने पहिल्या प्रयत्नाआधीच एक ‘की’ (वेगळी ओळख देणारा संकेतांक) तयार करून प्रत्येक प्रयत्नासोबत तीच पाठवावी, ती ज्या कॉलममध्ये लिहिली जाते त्यावर युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य दुसऱ्यांदा लिहू न देणारा डेटाबेसचा नियम) असावा आणि की व ऑर्डर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे लिहिले जाईल किंवा काहीच नाही, अशा एकत्र व्यवहारात) लिहिली जावी. की आधी वेगळी लिहिली आणि लगेच सर्व्हर पडला, तर पुढच्या प्रयत्नाला ‘काम झाले आहे’ असे उत्तर मिळते आणि ऑर्डर कुठेच नसते. माझ्या मते हे दुहेरी नोंदीपेक्षाही वाईट, कारण ते लवकर लक्षातच येत नाही.

एका प्रकल्पात मी स्वतः ही की रिट्रायच्या (पुन्हा पाठवण्याच्या) लूपच्या आत तयार केली होती. प्रत्येक प्रयत्नाला नवी की मिळत होती, कन्स्ट्रेंट कधीच आड येत नव्हता आणि कारण सापडायला फार वेळ गेला. की वापरकर्त्याच्या एका कृतीची असते, नेटवर्कवरच्या एका प्रयत्नाची नव्हे. ती ऑर्डरच्या मजकुरावरूनही काढू नये, कारण तीच वस्तू कोणी खरोखरच दोनदा मागवू शकतो.

पेमेंटसारखी बाहेरची सेवा आपल्या ट्रान्झॅक्शनमध्ये येत नाही. तिला की स्वीकारण्याची सोय असेल तर हीच की पुढे द्यावी.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. स्थिती थेट ठरवून देणारी आज्ञाही उशिरा पोहोचल्यास घात करते: पत्ता बदलला, मग पुन्हा बदलला, आणि त्यानंतर पहिल्या बदलाचा रेंगाळलेला रिट्राय येऊन जुनाच पत्ता लिहून गेला. तिथे नोंदीला आवृत्ती क्रमांक द्यावा आणि तो जुळला तरच बदल स्वीकारावा.