सोलापुरात २०१४ च्या पेट्रोल स्विफ्टला ४-२-१ हेडर आणि रीमॅप केला तर पिकअप खरंच वाढतो का?

तुम्ही विचारलंय की २०१४ ची १.२ पेट्रोल स्विफ्ट आहे, लाखाच्या वर रनिंग झालंय, पुणे रोडला भरल्या गाडीनं ओव्हरटेक मारताना दम लागतो म्हणून हेडर (इंजिनमधून जळालेला गॅस बाहेर नेणारे खास पाईप) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप, म्हणजे त्यातला मॅप, पेट्रोल आणि टायमिंगचं टेबल, बदलून घ्यायचा विचार आहे, आणि गॅरेजवाला म्हणतोय कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकू, वीस हॉर्सपॉवर वाढतील. भाऊ, वाढतंय, पण वीस वाढत नाही, आणि कॅट काढायच्या तर भानगडीतच पडू नका. मी ह्याच इंजिनच्या गाडीला हे सगळं करून घेतलंय आणि रोज सोलापुरातच चालवतोय, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

आधी आकडे बघा. हे ११९७ सीसीचं चार सिलेंडर इंजिन, कंपनी सांगते साधारण ८६ हॉर्सपॉवर ६००० आरपीएमला आणि ११४ एनएम टॉर्क ४००० ला. गिअरबॉक्समध्ये जाणारं वजा करून चाकावर सत्तरीच्या आसपास उरतंय. टर्बो नाही, म्हणजे हवा जेवढी इंजिन स्वतः ओढेल तेवढीच, आणि अशा गाडीला चांगला हेडर आणि नीट केलेला मॅप मिळून सहा-सात, फार तर आठ हॉर्सपॉवर मिळाले तर काम झकास झालं म्हणायचं. पण ते कुठं मिळतात हे महत्त्वाचं, ३००० ते ४५०० च्या मधे टॉर्क भरला की ओव्हरटेकला फरक कळतो, ६२०० ला दोन घोडे वाढून तुम्हाला टेंभुर्णीपर्यंत काही उपयोग नाही.

आता सोलापूरची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे. आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहोत, म्हणजे हवेचा दाब तिथंच पाचेक टक्के कमी. वर एप्रिल-मे मध्ये पारा ४३-४४. २५ डिग्रीची हवा आणि ४३ ची हवा ह्यात वजनाचा फरक हिशोबानं साडेपाच-सहा टक्के पडतो, आणि बॉनेटखाली तर त्याहून वाईट. माझ्या ओबीडी लॉगरवर (गाडीला जोडून इंजिनचे आकडे दाखवणारं यंत्र) सात रस्ता चौकात सिग्नलला उभं राहिल्यावर इनटेकचं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं, टेम्परेचर साठच्या पुढं गेलेलं दिसतंय, म्हणजे हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ झाली, आणि वरून ईसीयू नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप फुटून होणाऱ्या टकटकीच्या) भीतीनं इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं घेतोय. पन्नास हजाराचा हेडर-रीमॅप जेवढं देईल तेवढं हे ऊनच काढून घेतंय. म्हणून पहिलं काम, हवा कुठून आत येतीय ते बघा. पुढच्या ग्रिलजवळून फिल्टर बॉक्सला जाणारा प्लॅस्टिकचा पाईप बऱ्याच जुन्या गाड्यांत तुटलेला असतो किंवा कुणीतरी काढून ठेवलेला असतो आणि इंजिन आपलं रेडिएटरमागची गरम हवा ओढत बसतंय. तो नीट बसवा, बॉक्स कंपनीचाच ठेवा, आत नवा फिल्टर टाका. आणि तो उघडा कोनवाला फिल्टर कुणी कितीही गळ्यात मारला तरी घेऊ नका, आवाज छान येतो पण गरम हवाच पितो, शिवाय आपल्याकडची धूळ काय असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दुसरं म्हणजे इंजिनची तब्येत. एवढं रनिंग झालेल्या इंजिनला मॅप टाकण्याआधी गरम इंजिनवर, थ्रॉटल पूर्ण उघडून चारी सिलेंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) बघायला सांगा. चारींत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर हेडर राहू दे, पैसे तिथं लावा. प्लग, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर साफ, आणि लॉगरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल कायम किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघा, अधिक-उणे दहाच्या बाहेर असेल तर कुठंतरी हवा गळतीय किंवा पेट्रोल कमी पोचतंय. क्लच शेवटाला आलेला असेल तर तोही आधी. खरं सांगू का, अर्ध्या लोकांची गाडी एवढ्यावरच पुन्हा जागी होते.

आता हेडर. प्रत्येक सिलेंडरमधून जळालेला गॅस झटक्यानं बाहेर पडतो, सलग वाहत नाही. हा झटका पाईपमधून वेगानं गेला की त्याच्या मागं दाब कमी होतो, एसटी जोरात गेली की मागं धूळ ओढली जाते ना तसंच, आणि तो कमी दाब बरोबर वेळेला पुढच्या सिलेंडरच्या वाल्वपाशी पोचला तर तिथला उरलासुरला गॅसही ओढून घेतो, मग आत ताजी हवा जास्त भरते. सगळा खेळ वेळेचा, आणि वेळ ठरते पाईपच्या लांबी-जाडीवरून. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणून ४-२-१ मध्ये (चार पाईपांचे दोन, दोनाचा एक) १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी करतात, म्हणजे जोडीतल्या दोघांच्या मधे क्रँकचा पूर्ण एक फेरा असतो आणि एकाचा झटका दुसऱ्याच्या आड येत नाही. ह्यानं मधल्या आरपीएमला ताकद मिळते. ४-१ वाला वरच्या आरपीएमला बरा, ट्रॅकसाठी ठीक, आपल्याला हायवेला ४-२-१ च. आणि पाईप जाड म्हणजे पॉवर जास्त हा समज डोक्यातून काढा, ह्या इंजिनला रनरचा (प्रत्येक सिलेंडरच्या स्वतंत्र फाट्याचा) दीड इंची पाईप भरपूर झाला, पावणेदोन इंची टाकला की गॅसचा वेग मरतो आणि खालचा टॉर्क जातो, मग गावात दुसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही म्हणून तुम्हीच वैतागणार. मागची मेन लाईनही दोन इंचाच्या वर नको.

बनवून घेणार असाल तर स्टेनलेस ३०४ मध्ये, टिग वेल्डिंगनं. एमआयडीसीत वेल्डिंग करणारे हात चांगले आहेत पण त्यांना दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. पहिली, हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) बसणारी फ्लँज (जोडपट्टी) जाड प्लेटची हवी आणि वेल्डिंग करताना ती एखाद्या जाड लोखंडी तुकड्यावर बोल्टनं आवळलेली हवी, नाहीतर गरम होऊन वाकडी होते. झाल्यावर ती सरफेस ग्राइंडरवर प्लेन करून घ्या आणि काचेवर ठेवून फीलर गेज घालून बघा, पातळ पट्टीसुद्धा आत जाता कामा नये. हे एवढं का म्हणतोय, तर ऑक्सिजन सेन्सरच्या आधी केसाएवढी जरी फट राहिली तरी झटका गेल्यावर जो कमी दाब होतो त्यानं बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं मिश्रणात पेट्रोल कमी आहे, ईसीयू पेट्रोल वाढवत बसतो, मायलेज पडतं आणि मेस्त्री इंजेक्टर बदलत राहतो. ओळखायची खूण म्हणजे सकाळी थंड स्टार्टला टिकटिक आवाज येतो आणि गरम झालं की बंद होतो, कारण धातू फुगून फट मिटते. दुसरी गोष्ट, सेन्सरची जागा. तो सगळे पाईप एकत्र आल्यानंतरच हवा, एका रनरवर बसवला तर तो एकाच सिलेंडरचं सांगणार आणि ईसीयू त्यावरून चौघांना पेट्रोल देणार.

हेडरचे पातळ पाईप कंपनीच्या मॅनिफोल्डपेक्षा (हेडरच्या जागी आधी असलेल्या मूळ भागापेक्षा) जास्त गरमी बॉनेटखाली फेकतात, कंपनीची हीट शील्ड पण बसत नाही. म्हणून सिरॅमिक कोटिंग करा किंवा नवीन शील्ड बनवून घ्या, नाहीतर वर सांगितलेलं इनटेकचं टेम्परेचर अजून वाढतं आणि एका हातानं घेतलं ते दुसऱ्या हातानं गेलं.

कॅटचं सांगतो. ह्या छोट्या गाड्यांत कॅट मॅनिफोल्डच्या अगदी जवळ असतो, लवकर गरम व्हावा म्हणून. हेडर बसवताना तो जातो, तर मग खाली लगेच २०० सेलचा (चौरस इंचाला २०० भोकांचा, मोकळा) हाय-फ्लो मेटल कॅट बसवून घ्या, पॉवरचा फरक एवढ्याशा इंजिनला नावालाच पडतो. काढून टाकलात तर चेक इंजिनची लाईट, पी ०४२० कोड (कॅट नीट काम करत नाही हा), पीयूसीला बीएस ४ पेट्रोल गाडीची मर्यादा सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम आहे ती पाळणं अवघड, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारापर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने अपात्र. कलम ५२ आणि १८२अ मध्ये गाडीत बदल करण्याबद्दल वेगळं आहेच, त्यामुळं आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून मगच हात घाला. पण दंडाचं बाजूला ठेवा, मागं आपलीच पोरं स्कूटीवर असतात आणि कॅट नसलेल्या गाडीमागं उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, हे मला मनापासून पटत नाही. आवाज पण कंपनीच्या जवळपासच ठेवा, सायलेन्सर तोच राहू दे.

आता मॅप. नुसता हेडर लावून सोडला तर हळू चालवताना काही बिघडत नाही, ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून मिश्रण सांभाळतो. फुल थ्रॉटलला मात्र तो सेन्सरवर विसंबत नाही, आतल्या टेबलमधलं पेट्रोल देतो, आणि ते टेबल जुन्या मॅनिफोल्डसाठी लिहिलेलं आहे. त्यात आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे साध्या पेट्रोलला १४.७ भाग हवा तर ई२० ला साडेतेराच्या आसपास, त्यामुळं तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. ह्या गाड्या बनल्या तेव्हा ई२० धरून बनलेल्या नव्हत्या, म्हणून फ्युएल होज आणि रबरी सील पण एकदा तपासून घ्या. चांगली बाजू अशी की इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, नॉकिंगला बरं, ट्यूनरला टायमिंग थोडं पुढं घ्यायला जागा मिळते. पण हे सगळं वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावून, डायनोवर (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बघून करणाऱ्याकडंच. लॅपटॉप जोडून दहा मिनिटांत तयार फाईल ढकलणाऱ्याला तुमच्या हेडरचं काही माहीत नसतंय, ती फाईल कुठल्या गावातल्या कुठल्या गाडीची आहे देव जाणे. डायनोसाठी पुण्याला जावं लागेल, अडीचशे किलोमीटर आहे, जा. आधी आणि नंतर दोन्ही रन घ्या, दोन्ही एकाच दिवशी, आणि प्रिंट मागून घ्या.

आणि ट्यूनरला स्पष्ट सांगा की गाडी सोलापुरात चालणार. डिसेंबरच्या थंडीत पुण्यात टायमिंग काठावर नेऊन ठेवलं तर तिथं गाडी पळते, पण मे मध्ये दुपारी एसी लावून, पाच माणसं बसवून तुळजापूरचा घाट चढताना तीच गाडी टकटक करायला लागते आणि ती टकटक बरेच दिवस चालू राहिली की पिस्टन आणि रिंगा खाते. इनटेक टेम्परेचर ५० च्या वर गेलं की टायमिंग किती मागं घ्यायचं ते टेबल मॅपमध्ये असतंय, त्याला हात लावू देऊ नका, उलट तिथं दोन डिग्री राखूनच ठेवायला सांगा. मॅप करून आल्यावर एप्रिलमध्ये एकदा लॉगर लावून भर दुपारी मोहोळच्या बाजूला मोकळ्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून वर ओढा, शेजारी कुणाला तरी मोबाईल धरायला बसवा, आणि टायमिंग, इनटेक टेम्परेचर, ट्रिम हे तिन्ही सेव्ह करून ट्यूनरला पाठवा, त्यावरून तो शेवटची दुरुस्ती करून देतो, चांगला असेल तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही.